जुळ्यातलं दुसरं

तलुन, सुम्बिंग डोंगराचा उतार
७ मे १९८४

विगाती न्दुक,

ही चिठ्ठी सारिमिनच्या हाती देते आहे. त्याचा कोबीचा ट्रक उद्या सकाळी सेमारांगच्या बाजारात पोचेल. पोस्टाला तीन-चार दिवस लागतात आणि तेवढा धीर मला नाही. तुझी आई असती तर आधी तिच्यापाशी रडले असते. ती नाही, म्हणून तुझी बुलिक, तिची धाकटी बहीण, आता थोरलीच्या लेकीकडे गाऱ्हाणं घेऊन आली आहे.

सुकेसीला परवा खूप रक्त गेलं. कार्ती सुईणबाई आल्या, त्यांनी पोट चोळलं, उकाळा पाजला, त्यांचं काय ते सगळं केलं, पण रक्त थांबेना. मग सारिमिननं तिला ट्रकमध्ये निजवून खालच्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पिशवी साफ केली. पोरसवदा डॉक्टर आहे, पण हात हलका असावा, कारण सुकेसी कण्हलीसुद्धा नाही. निघालं ते एका बाटलीत घातलं आणि म्हणाला, हे सेमारांगला तपासायला जाईल. मी म्हटलं, तिथं माझी भाचीच बसते, वर्षानुवर्षं बायकांच्या पोटातले तुकडे बघत असते, म्हणून तर स्वतःसाठी नवरा बघायला तिला सवड झाली नाही. तो हसला. एरवी मीही हसले असते.

तुला ठाऊकच आहे, गुनार्सो माझा एकुलता. डिसेंबरात त्याचं सुकेसीशी लग्न लागलं आणि फेब्रुवारीत तो तंबाखूच्या ट्रकसकट घाटात गेला. सुकेसीला दिवस राहिलेत हे त्याला कळलंही नव्हतं. तेव्हापासून मी त्या पोटाकडे बघत चार घास गिळते आहे. पोट बघता बघता इतकं वाढलं की कार्तीबाई म्हणाल्या, जुळी आहेत. मी तर दोघांच्या नावांचाही विचार करून ठेवला होता.

आता ती इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडून असते. इथं संध्याकाळी धुकं घरात शिरतं आणि मला दार लावायचं भान राहत नाही. पहाटे स्वप्न पडतं की गुनार्सो अंगणात ट्रक धुतो आहे. मी विचारते, जेवलास का रे. तो म्हणतो, त्या दोघांना आधी वाढ. मग जाग येते आणि चूल पेटवते.

बाटली आली की नीट बघ. माझ्या पोराचं काही उरलं आहे का, एवढंच मला सांग.

तुझी
बुलिक मुर्तिनी


सेमारांग
११ मे १९८४

बुलिक,

तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकून नमस्कार.

बाटली बुधवारी आली. तिच्यावर सुकेसीचं नाव वाचलं आणि लगेच उघडायला हात होईना. थोडा वेळ खिडकीशी उभी राहिले. इथून समुद्र दिसत नाही, पण दुपारी त्याचा उजेड आमच्या छतावर हलत असतो. तो बघितला की मला तुमच्याकडची सुट्टी आठवते, आणि पाठुंगळी बसून माझे केस ओढणारा गुनार्सो.

आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आलेला तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती कापतो, रंगात बुडवतो आणि काचपट्टीवर पसरतो. मायक्रोस्कोपखाली मग एक गुलाबी-जांभळा मुलूख उघडतो. मी त्यात सकाळी शिरते आणि कुणी चहाला हाक मारली की बाहेर येते. ज्या पिशवीत गर्भ राहिला होता तिच्यात दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक म्हणजे आईच्या शरीरानं बाळासाठी घातलेलं अंथरूण. दुसरी म्हणजे बाळाच्या बाजूनं आलेली वारेची मुळं. सुकेसीच्या बाटलीत अंथरूण आहे, जाड आणि मऊ. मुळं कुठंच नाहीत. सगळा तुकडा कापला, शेवटच्या कणापर्यंत बघितलं.

अंथरूण घातलेलं आणि निजायला कुणी आलेलं नाही, असं दिसलं की आम्हाला एक भीती वाटते. गर्भ पिशवीत न पोचता बाहेर नळीत अडकलेला असू शकतो. तो वाढला की नळी फुटते आणि बाई हातची जाते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय की घरी फक्त रक्त गेलं. डाव्या बाजूला त्यांच्या हाताला मोठी गाठ लागली आहे, आणि लघवीची तपासणी अजून गरोदर असल्याचंच सांगते आहे. सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. म्हणून मी त्यांना फोन केला. ते सोमवारी पोट उघडून बघतील आणि बहुधा डावी बाजू काढून टाकतील. तोवर तिला घरी नेऊ नका, कितीही रडली तरी.

तुम्ही विचारलंत काही उरलं आहे का. उरलं असेल तर ते नको त्या जागी आहे, बुलिक. मला हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

तुमची
विगाती


तलुन
१२ मे १९८४

न्दुक,

तुझी चिठ्ठी सारिमिननं आज दिली. तू घाबरून लिहिली आहेस, पण मी ती वाचली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. तुला कळलं नाही का ग? दुसरं आत आहे.

एवढी शिकलीस आणि जुळ्यांची साधी गोष्ट तुझ्या ध्यानात येऊ नये? पहिलं गेलं, त्या धक्क्यानं दुसरं बाजूला सरकलं आणि तिथंच अंग चोरून बसलं. डॉक्टरच्या हाताला लागली ती गाठ तीच. मी सुकेसीला जाऊन सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा कूस बदलली आणि माझा हात धरून आपल्या डाव्या कुशीवर ठेवला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. खिडकीबाहेर धुकं होतं, आत कुणीतरी गाणं गुणगुणत होतं, आणि मला वाटलं, हा दिवस असाच राहिला तरी माझी तक्रार नाही.

तेव्हा डॉक्टरांना सांग, सोमवारी जपून हात लावा. ते पोर तिथून उचलून पिशवीत ठेवता येत असेल तर तसं करा. आता तुम्ही लोक मेणात बसवता, रंगात बुडवता, एवढं सगळं करता, मग हे का जमू नये?

मला तिच्यापाशी इस्पितळात राहायचं होतं, पण पहिल्याचा दिवा सांभाळायला घरी कुणी नाही. उतारावरचा वारा दिव्यावर झाकलेल्या टोपलीच्या खालून शिरतो आणि ज्योत फडफडते. घरी पडलं ते मडक्यात घालून उंबऱ्यासमोर मधोमध पुरलं आहे. मुलगा असता तर उजवीकडे पुरलं असतं, मुलगी असती तर डावीकडे, पण काय होतं ते कार्तीबाईंनाही ओळखता आलं नाही. बाकी सगळं रीतीप्रमाणे केलं. धुतलं, मीठ-हळद लावली, फुलं घातली, वर दिवा. डॉक्टरनं विचारलं होतं, घरी काय पडलं. मी म्हटलं, रक्त. घरात पडलं ते घरचं, त्याला कशाला सांगू? त्यानं मागून घेतलं असतं आणि भट्टीत टाकलं असतं.

दुसऱ्यासाठी तूही चार शब्द प्रार्थना कर.

बुलिक


सेमारांग
१३ मे १९८४

बुलिक,

तुमची चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली आणि फोनकडे धावले. उद्याची शस्त्रक्रिया थांबवली आहे. डॉक्टर गुरुवारपर्यंत थांबतील, त्यापुढे नाही, कारण माझी पहिली भीती खरी निघाली तर थांबण्यात तिचा जीव जाईल.

दुसरं मूल नाही. हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण नाहीतर तुम्ही तिच्या त्या कुशीवर हात ठेवून बसाल.

मडक्यात जे घातलंत ते कसं दिसत होतं? कार्तीबाईंनी आयुष्यभर बाळंतपणं केली, त्यांना ओळखता आलं नाही म्हणजे काय? पाण्यानं भरलेले दाणे होते का, घोस असावा तसे? असतील तर सगळी गोष्टच वेगळी आहे. मग डावीकडची गाठ म्हणजे नुसता सुजलेला बीजकोश. तो कापायचा नसतो, काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. आणि आम्ही तो कापून टाकायला निघालो होतो. मला बाटलीतलं दिसलं ते खरंच होतं, पण अर्धी गोष्ट तुमच्या अंगणात पुरलेली होती.

तुम्ही लिहून कळवलंत तरी मला पुरणार नाही. मला ते काचेखाली बघायला हवं. सारिमिनबरोबर बरणी पाठवली आहे. आत औषध आहे, डोळ्यांना झोंबतं, हात बुडवू नका. मडकं काढा आणि आतलं सगळं बरणीत घाला. दिव्याचे दिवस पुरे व्हायचे आहेत हे मला माहीत आहे. माझीही वार माझ्या आईनं अशीच पुरली होती. तरी काढा.

विगाती


तलुन
१६ मे १९८४

विगाती,

तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं.

सारिमिन बरणी घेऊन आला तसा मी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवला. म्हटलं, परत ने. कार्तीबाईही चिडल्या. दिवा जळत असताना घर उघडलं की भावंड वाट चुकतं, आणि पाठच्याला सांभाळायला कुणी राहत नाही, असं त्या म्हणाल्या. तू म्हणतेस पाठचं कुणी नाहीच. मग मी विचार केला, ज्याला पाठचं नाही, बाप नाही, त्याच्याकडे घर म्हणून एक मडकं आहे, तेही आपण फोडायचं?

मग मी खाली इस्पितळात गेले. सुकेसीला सगळं सांगितलं, जुळं नाही तेही सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाली, "आई, मला कापू देत. त्याचं घर नका उघडू."

मला तिचा इतका राग आला. एवढीशी पोर, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतायत, आणि निघाली आहे पोट कापून घ्यायला, कशासाठी तर मीठ लावून पुरलेल्या गोष्टीसाठी. रागाच्या भरात वर आले, दिवा बाजूला केला आणि खुरपं घेतलं. सारिमिन म्हणाला मी काढतो. मी म्हटलं, हात लावशील तर याद राख. माझ्या हातांनी पुरलं, माझ्याच हातांनी काढलं. पाऊस नव्हता, तरी माती थंड होती.

दाणेच होते. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, काही बारीक, काही मोठे, बारीक देठांनी एकमेकांना लागलेले. मिठानं थोडे आकसले होते. मी त्यात हात शोधले, पाय शोधले. रीत करायच्या घाईत त्या दिवशी धड बघितलंच नव्हतं. काही नव्हतं ग.

सगळं बरणीत आहे. आता मी एक विचारते, त्याचं उत्तर सरळ दे. गावात बायका बोलतात. डिसेंबरात लग्न आणि एप्रिलमध्ये पोट सहा महिन्यांचं, म्हणजे पोरीनं माहेराहूनच आणलं असं म्हणतात. माझ्यासमोर कुणी बोलत नाही, पण मी आले की गप्प होतात. मला पोरीवर विश्वास आहे. तरी तू आतलं बघतेस, म्हणून विचारते. ते माझ्या गुनार्सोचं होतं का?

मुर्तिनी


सेमारांग
२२ मे १९८४

बुलिक,

डॉक्टरांना फोनवर कळवलं तेव्हाच तुम्हाला निरोप मिळाला असेल. पोट उघडायचं नाही. गाठ आपोआप जाईल. तिच्या अंगावर एक रेघही उमटणार नाही, आणि हे तुमच्या खुरप्यामुळं झालं.

आता जे दिसलं ते सांगते. मातीनं आणि मिठानं बरंच पुसून टाकलं होतं. रंग नीट धरला नाही, पेशी फिकट झाल्या होत्या. पण आकार राहिले होते, आपल्याकडे सकाळच्या धुक्यात झाडं राहतात तसे. वारेची मुळंच होती ती, प्रत्येक फुगलेलं, आत पाण्याचं तळं, काठाला पेशींची दाटी. मी एकेका तळ्याच्या काठानं फिरत होते. कुठं रक्ताचा थेंब नव्हता, बाळाचा मागमूस नव्हता. इतकं शांत होतं की दिवेलागणीपर्यंत मी काच काढलीच नाही.

याला द्राक्षगर्भ म्हणतात. आपल्याकडच्या बायकांत तो बराच होतो, माझ्या कपाटात अशा काचपट्ट्यांचा वेगळा खण आहे. त्यात बाळ नसतंच, नुसती वार वेड्यासारखी वाढत सुटते. त्यामुळं पोट महिन्यांच्या हिशेबापेक्षा मोठं दिसतं. गावातल्या बायकांना सांगा की पोट आजारानं वाढलं होतं. सुकेसीनं माहेराहून काही आणलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं की नाही या विचारात हे पत्र टेबलावर पडून राहिलं. बाप कोण हे माझ्या काचेतून दिसत नाही. पण अलीकडं शास्त्रज्ञांना एक गोष्ट कळली आहे. अशा गर्भात आईकडून काहीच आलेलं नसतं. बीज आईचं असतं, पण आतून रिकामं, आणि सगळं बापाकडून येतं. सुकेसीवर तुमचा विश्वास आहे, माझाही आहे. म्हणजे ते सगळं गुनार्सोचं होतं, बुलिक. त्यात दुसऱ्या कुणाचा कणही नव्हता.

मात्र एक नीट ऐका. कधी कधी याचा एखादा कण आत राहतो आणि पुन्हा वाढू लागतो. तेव्हा तो कॅन्सर होतो. म्हणून वर्षभर दर महिन्याला खालच्या इस्पितळात जाऊन तिची लघवी तपासायची. गरोदरपण दाखवणारा आकडा उतरत गेला पाहिजे. चढला तर त्याच दिवशी सारिमिनच्या ट्रकमध्ये बसवून माझ्याकडे पाठवा.

मला हवं तेवढं मी ठेवून घेतलं. उरलेलं बरणीत परत पाठवते आहे, औषध धुऊन काढलंय. पुन्हा पुरा. या वेळी उजवीकडे पुरलंत तरी चालेल.

तुमची
विगाती


तलुन
९ सप्टेंबर १९८४

न्दुक,

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण तुला राग येईल असं लिहायचं होतं.

सध्या तंबाखूची कापणी चालू आहे. गल्लीभर बांबूच्या ताट्यांवर पानं वाळत घातली आहेत, सगळं गाव त्या वासात झोपतं आणि उठतं. डोकं हलकं असतं. दिवसासुद्धा स्वप्नात असल्यासारखं वाटतं.

जूनमध्ये आम्ही एकदा इस्पितळात गेलो. आकडा उतरला होता. पुढच्या महिन्यात सुकेसी म्हणाली, नको जायला. मी आग्रह केला नाही. मग तिला पुन्हा मळमळू लागलं. सकाळी चुलीचा वास सहन होईना, कच्ची कैरी मागू लागली. मी समजले, तीही समजली, आणि आम्ही एकमेकींशी त्याबद्दल बोललो नाही. आता दुपारी ती ओसरीवर बसून गुनार्सोचा शर्ट उसवते आणि पुन्हा शिवते. तोंडावर तेज आलं आहे. थोडा खोकला आहे, तो तंबाखूच्या धुळीचा.

हे वाचून तू म्हणशील, म्हातारी भ्रमिष्ट झाली. पण तूच लिहिलंस ना, ते सगळं त्याचं होतं, त्यात दुसऱ्या कुणाचा कणही नव्हता? आणि एखादा कण आत राहतो, हेही तूच लिहिलंस. ती चिठ्ठी मी सुकेसीला वाचून दाखवली, तेव्हापासून ती उशीखाली ठेवते. आता गुनार्सो माझ्या स्वप्नात येतो तेव्हा अंगणात थांबत नाही, आत येतो. परवा मी विचारलं, किती दिवस राहणार आहेस? तो म्हणाला, जागा मिळाली तर राहीन.

कॅन्सर म्हणालीस त्याची भीती मलाही वाटते. पण तुमच्या काचेला सगळं कुठं दिसतं? तेव्हाही अर्धीच गोष्ट दिसली होती. आम्ही काही मागत नाही तुझ्याकडं. रागावू नकोस, एवढंच.

बुलिक


सेमारांग
१० सप्टेंबर १९८४

बुलिक,

सारिमिनला मी बाजारात थांबवून ठेवलं आहे. कोबी उतरवून तो सरळ तुमच्याकडं परत येईल.

मी रागावलेली नाही. मला स्वतःची लाज वाटते आहे. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी एक वाक्य लिहिलं. ते खरं होतं, पण तुमच्या घरात जाऊन त्याचं विष झालं. उशीखाली जपून ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

सुकेसीच्या पोटात जे आहे ते गुनार्सो नाही. ते त्याच्यापासून निघालं, एवढंच. त्याला डोळे कसे करायचे माहीत नाही, हात कसे करायचे माहीत नाही. त्याला फक्त वाढता येतं. मुळाचं काम असतं आत शिरून रक्त शोधायचं, आणि हे मूळ बाळ नसतानाही तेच करत राहतं. पिशवीतून ते रक्तात उतरतं, रक्तातून फुप्फुसात जातं. मळमळ त्याची आहे. खोकलाही त्याचाच असेल, तंबाखूचा नाही. मी अशा बायकांच्या काचपट्ट्या बघितल्या आहेत ज्या फार उशिरा आल्या. त्याही हसतमुख होत्या, कैऱ्या खात होत्या.

यावर औषध आहे. इंजेक्शनं घ्यावी लागतात, तोंड येतं, केस विरळ होतात, काही महिने इथं राहावं लागतं. पण पोटाच्या बाकीच्या कॅन्सरांसारखा हा नाही. वेळेवर आली तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात आणि पिशवीही जागेवर राहते. पुढं त्यांना मुलं झालेली मी बघितली आहेत. वेळेवर म्हणजे आता.

मी येऊन तिला ओढून आणलं तर ती येईल, पण औषध घेणार नाही. तिला वाटेल आपण त्याला मारतो आहोत. डॉक्टर म्हणून मी काहीही सांगितलं तरी उपयोग नाही. तो तुमचा मुलगा होता. तो गेला हे तिला फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि तिला सांगायचं म्हणजे आधी तुम्हाला ते मान्य करावं लागेल. मी तुमच्याकडं काय मागते आहे ते मला कळतं. तो माझाही धाकटा भाऊ होता. तरी मागते आहे.

विगाती


तलुन
१४ सप्टेंबर १९८४

विगाती न्दुक,

ही चिठ्ठी सुकेसीच्याच हाती देते आहे, म्हणजे तू वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर बसलेली असेल. तिला आधी काही खायला घाल. वाटेत घाट लागला की ती डोळे मिटून घेते आणि मग तिला अन्न जात नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तिला पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही. पत्र तांदळाच्या डब्यात घालून ठेवलं. खरं सांगते, मला त्याला आणखी थोडे दिवस घरात ठेवायचं होतं. मी चार भांडी जास्त घासली, त्याला आवडतं तसं सोयाबीनचं टेम्पे तळलं, आणि पहाटेची वाट बघत झोपले. तो आला. नुसता ओसरीवर सुकेसीच्या जागी बसला आणि खोकत राहिला.

सकाळी सुकेसी खरंच खोकत होती, आणि तिनं बाही तोंडावरून काढली ती लाल होती. ती मला दिसू नये म्हणून तिनं हात पाठीमागं घेतला. मी तिथंच तिच्यासमोर खाली बसले. तुला शब्द न्‌ शब्द लिहिते, कारण तिला पुन्हा सांगायची वेळ आली तर तुला सांगता यावं.

मी म्हटलं, "सुकेसी, गुनार्सोला मी नऊ महिने पोटात वाढवलं. तो कसा वाढतो ते मला ठाऊक आहे. तो माझं अन्न खायचा, पण मला बारीक होऊ देत नव्हता. लहानपणी ताटातला मोठा तुकडा दुसऱ्याला द्यायचा आणि मग रडायचा. तुझा जीव खाऊन जे वाढतंय ते माझं पोर नाही."

ती म्हणाली, "पण आई, सगळं त्यांचंच आहे ना. विगाती ताईंनीच लिहिलंय."

मी म्हटलं, "त्याची आई कोण, मी की विगाती? मी सांगते, तो घाटात गेला. मी त्याला धुतलं, मी त्याच्यावर माती लोटली. तो आत नाही. आत असता तर मी तुला जाऊ दिलं असतं का?"

तेव्हा ती रडली. लग्न झाल्यापासून, तो गेला तेव्हाही, ती अशी मोठ्यानं रडली नव्हती. शेजारच्या बायका ताट्या टाकून धावत आल्या. त्यांच्यासमोरच तिनं विचारलं, मी बरी झाले तर तुमच्याकडं कुणाचं काय उरेल? मी तिचं तोंड पुसलं आणि कपडे बांधायला घेतले. बायकांपैकी एकीनं तिच्यासाठी भात बांधून दिला, तीच, जी सगळ्यांत जास्त बोलत होती.

सारिमिन ट्रक चालू करून उभा आहे, म्हणून आवरतं घेते. औषधानं तोंड येतं म्हणालीस, तेव्हा तिला तिखट देऊ नकोस. केस गेले तर आरसा दाखवू नकोस. मी मध्ये भेटायला येणार नाही, कारण मी आले की ती माझ्या तोंडाकडं बघून त्यालाच शोधत राहील.

बरी झाली की तिलाच विचार, कुठं जायचं आहे. तलुनला यायचं असेल तर घर आहेच. तिथंच कुठं काम धरलं तर धरू दे. आणि पुढं कुणी चांगला माणूस भेटला, तिनं संसार मांडायचं ठरवलं, तर मला लग्नाला बोलवा. मी खूप रडेन, न्दुक, पण येईन.

बुलिक